लांडगा, हरिण आणि डोंगराची माती

लांडगा दिसला की गोळी घालावी, ही अमेरिकेत एके काळी सर्वमान्य रीत होती. १९०९ साली तेथील वनखात्यात रुजू झालेला आल्डो लिओपोल्ड हाही त्याच मताचा. लांडगे घटले की शिकारीस हरणे वाढतील, असा त्याचा सरळ हिशेब. ॲरिझोनात त्याने स्वतः लांडगीवर गोळ्या झाडल्या. पुढे हरणे वाढली खरी; पण त्यांनी झुडपे व रोपे ओरबाडून डोंगर उघडे पाडले आणि अखेर तीच उपाशी मेली. उघड्या उतारावरील मातीचे पावसात काय होते, हे शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको.

१९४४ साली लिओपोल्डने आपली चूक लिहून मान्य केली. १९४८ साली शेजाऱ्याच्या शेताकडील आग विझवीत असता तो वारला. त्याचे पुस्तक १९४९ साली निघाले. १९९५ साली यलोस्टोन उद्यानात कॅनडातील लांडगे पुन्हा सोडण्यात आले.

पशुपालकांनी त्यास विरोध केला, आणि तो अडाणीपणाचा नव्हता. ज्याचे वासरू गेले त्यास डोंगराचा हिशेब ऐकविणे फार सोपे असते. एका खाजगी संस्थेने भरपाई दिली; परंतु जनावर लांडग्यानेच मारले हे सिद्ध करण्याचे ओझे मालकाच्याच माथी राहिले.