ठुशी म्हणजे काय, साहेब?

आपल्यापैकी पुष्कळांचा पत्ता शुगर लँडचा, पण घर शहराच्या हद्दीबाहेर! तिथे सिटी पोलीस नव्हे, फोर्ट बेंड काउंटीचा शेरीफ. (ग्रेटवुड, न्यू टेरिटरी डिसेंबर २०१७ मध्ये शहरात आली.) घरफोडी झाली की आधी डेप्युटी येऊन रिपोर्ट लिहितो, पुढचा तपास गुन्हे अन्वेषण विभागाच्या डिटेक्टिव्हकडे. टेक्सासात पॉनशॉपवाल्यांना गहाण मालाची नोंद कायद्यानेच ठेवावी लागते. चोरीचा माल तिथे शोधता येतो. पण ‘आईची जुनी ठुशी’ एवढ्यावरून तो बिचारा काय ओळखणार? म्हणून आम्ही सांगतो, मंडळी, या शनिवारीच दागिन्यांचे फोटो काढा, वजनं लिहा, पावत्या जपा. आणि ‘जाऊ दे, कशाला बोभाटा’ म्हणून गप्प बसू नका. तक्रारच नाही, तर तपास कसला?