परसबाग : रोपांचे पहिले तीन आठवडे

दुधी, काकडी, घेवडा ह्यांचे बी मातीआड केले म्हणजे आपले काम संपले, असे ज्यांना वाटते त्यांच्या परसात उंदीर नसावेत, किंवा त्यांनी अद्याप भाजी लावलेली नसावी. शहरातील घराच्या मागे चार हात मोकळी जमीन मिळणे हेच भाग्य. तीत मोठ्या हौसेने आळी करावीत, बी टोकावे आणि सकाळी पाहावे तो आळ्यात खळगा अन् बाजूला बियांची टरफले! एखादे रोप ह्यातून सुटून दोन पानांवर आले, तर तेही बुंध्याशी कापलेले आढळते.

मात्र दिसेल त्या नुकसानीचे खापर उंदरावर फोडू नये. बी उकरून टरफल तेथेच टाकलेले असेल, जवळ काळसर लेंड्या असतील, तर काम उंदराचे. रोप जमिनीलगत कापून तेथेच आडवे पडले असेल, तर बुंध्याभोवतीची माती बोटभर उकरून पाहावी. पुष्कळदा तेथे अंगाची गुंडाळी करून बसलेली कुरतडणारी अळी सापडते. पाने वेडीवाकडी खाल्लेली असून त्यांवर चकचकीत रेघ उमटली असेल, तर ती गोगलगाय. दिवसाढवळ्या, आपल्या डोळ्यांदेखत कोंब खुडून नेणारी ती खार. रामाची बोटे तिच्या पाठीवर उमटली असल्याने तिला आपण फार बोलत नाही. पण घेवड्याच्या कोंबांना त्याचा काय उपयोग? चिचुंद्री मात्र उंदरांच्या जातीची नव्हे. ती झुरळे व किडे खाते. तिचा वास सोसवत नसला, तरी तिला मारू नये.

परसातील खरा बलाढ्य चोर म्हणजे घूस. बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग दिसला की तिचे वास्तव्य समजावे. मुंबई, कलकत्ता ह्यांसारख्या शहरांत तिने घरउंदरांच्या बरोबरीने बस्तान बसविले आहे. मांजर लहान उंदीर पकडते, पण भरल्या अंगाच्या घुशीच्या वाटेला सहसा जात नाही. शिवाय वाफ्यातील मऊ माती मांजरालाही आवडते. मात्र निराळ्या कारणासाठी!

उंदीर तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिले देते, आणि ती पिले दोन-तीन महिन्यांत स्वतः वेतास येतात. तेव्हा साऱ्या गल्लीचे उंदीर संपविण्याची प्रतिज्ञा आपण न केलेली बरी. आपणास राखावयाची आहेत ती रोपे, आणि तीही प्रामुख्याने बी टोकल्यापासून पहिले तीन आठवडे. खोड जून झाले, वेल मांडवाच्या काठीला लागला, की त्याची गोडी पुष्कळ कमी होते. हे ध्यानी घेतले म्हणजे उपाय आटोक्यात येतात.

वेलभाज्यांचे बी थेट जमिनीत न लावता लहान पिशव्यांत किंवा जुन्या डब्यांत रुजवावे आणि तीन-चार पाने फुटल्यावर रोप मातीसकट आळ्यात लावावे. हे डबे तारेच्या जाळीच्या पेटीत ठेवावेत. जाळी जस्ताचा मुलामा दिलेली व पाव इंचाच्या छिद्रांची असावी. अर्ध्या इंचाच्या छिद्रातून लहान उंदीर सहज शिरतो. कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात ती षट्कोनी जाळी येथे निरुपयोगी. प्लॅस्टिकची जाळी तर एका रात्रीचे काम, कारण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात व ते झिजविण्यास त्याला काही ना काही लागतेच. पेटीस वरून झाकण हवे, नाहीतर खारीस आमंत्रण.

जमिनीतील रोपांवर ह्याच जाळीची बिनबुडाची टोपली उपडी घालावी व तिच्या कडा वीतभर मातीत पुराव्यात. घुशीचा उपद्रव असेल, तर जाळी वाफ्याभोवती फूट-दीड फूट खोल गाडून तिची खालची कड बाहेरच्या अंगास काटकोनात वळवावी. घूस जाळीशी येऊन खाली उकरू लागते आणि त्या वळविलेल्या भागावर अडते. एवढा खर्च एकदाच करावयाचा. जाळी पुष्कळ वर्षे टिकते.

तथापि परसात अन्न मिळत राहिले, तर कोणतीही जाळी अपुरी पडेल. कलकत्त्याच्या कर्झन पार्कात एके काळी लोक घुशींना हौसेने खाऊ घालीत आणि तेथे त्यांची वसाहतच झाली होती. आपणही नकळत तेच करतो. खतखड्ड्यात शिजलेले अन्न टाकू नये; खड्ड्यास झाकण व तळाशी जाळी असावी. शेंगदाण्याची पेंड किंवा हाडांचा चुरा वाफ्यावर उघडा पसरणे म्हणजे पंगत मांडणेच होय. कुत्र्याचे ताट रात्री उचलावे. बिळांची तोंडे संध्याकाळी बुजवावीत. सकाळी जी उघडलेली दिसतील ती वापरातील. पिंजरा त्यांच्याजवळ, भिंतीच्या कडेने ठेवावा. नव्या वस्तूला उंदीर बिचकतो, म्हणून पहिले तीन-चार दिवस पिंजऱ्यात भाजलेले खोबरे ठेवून दार उघडेच बांधून ठेवावे व मग चाप लावावा. पकडलेला उंदीर पलीकडच्या गल्लीत सोडणे हा उपाय नव्हे, ती भेट आहे.

तिखटाची पूड पहिल्या सरीने वाहून जाते. डांबराच्या गोळ्या भाजीच्या मातीत घालू नयेत. त्या विषारी असतात. ऐकू न येणारा आवाज काढणाऱ्या विजेच्या यंत्रास उंदीर लवकरच सरावतात.

आता विषाविषयी. ज्या घरात मुले आहेत त्या घराच्या परसात विष ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. झिंक फॉस्फाइडची काळसर भुकटी पोटातील आम्लाशी मिळताच विषारी वायू बनतो व त्यावर उतारा नाही. दुसऱ्या प्रकारच्या रंगीत वड्या रक्त गोठू देत नाहीत. मुलांना त्या मिठाईसारख्या दिसतात. असा उंदीर काही दिवसांनी कोठेतरी मरतो, आणि त्यास खाणारे गव्हाणी घुबडही, जे आपले काम फुकट करीत असते, त्या विषाने दगावू शकते. मुलाने असे काही तोंडात घातल्याची नुसती शंका आली, तरी घरगुती उपचारांत वेळ न दवडता विषाच्या वेष्टनासह रुग्णालय गाठावे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत विषबाधेविषयी अहोरात्र माहिती देणारे केंद्र आहे, हेही डॉक्टरांना सांगून ठेवावे.

पावसाळ्यात आणखी एक दक्षता हवी. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात येतात आणि त्वचेवरील जखमेतून शरीरात शिरतात. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर ह्या तापाची मोठी साथ आली होती. म्हणून वाफ्यात काम करताना रबरी हातमोजे व बूट घालावेत, जखम झाकावी, आणि चिखलात वावरल्यानंतर ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना आपल्या बागकामाविषयी आवर्जून सांगावे. कुरतडलेली काकडी अर्धी कापून वापरण्याची काटकसर करू नये.

वेल मांडवावर चढला की टोपल्या काढून धुवाव्यात व वाळवून ठेवाव्यात. उरलेले बी कागदी पुडीत बांधून फडताळात ठेवण्याची आपली जुनी रीत आहे; त्याऐवजी ते घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे.