रविवारची पायवाट आणि रोजची पायवाट

मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली आणि ती कोणा गिरणीमालकाच्या औदार्याने मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी काही वर्षे अर्ज केले, सभा भरविल्या, सह्या गोळा केल्या, तेव्हा कुठे आठवड्यातील एक दिवस भोंग्यावाचून उजाडू लागला. त्या दिवशी कामगाराने काय करावे याचा विचार मात्र चळवळीने फारसा केला नाही. विश्रांती हा श्रमिकाचा हक्क आहे असे आपण म्हणतो. परंतु डोंगर चढणे, तळ्याकाठी बसणे, रान पाहणे या गोष्टींचा उल्लेख निघाला की पुष्कळ कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यावर अजूनही एक तुच्छतेची छटा उमटते. हे मध्यमवर्गाचे चोचले आहेत, असा आपला समज आहे. परिणामी सहलीचे क्षेत्र बाजाराच्या हाती आपोआप गेले आहे.

नागभीड परिसरात याचा प्रत्यय येतो. उमरेड-भिवापूरमार्गे नागपुराहून शंभरेक किलोमीटरवर असलेला हा तालुका सुट्टीच्या दिवशी शहरवासीयांनी गजबजू लागला आहे, आणि त्यात नवल नाही. घोडाझरीचा तलाव टेकड्यांच्या कुशीत आहे. इंग्रज अमदानीत विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली त्याची पाळ लहान मुलालाही सहज चालून जाता येते. चिमूरच्या टेकड्यांतील सर्वांत उंच माथा म्हणजे पेरजागड. पश्चिमेकडे त्याचा कडा सरळ तुटलेला आहे आणि सपाट मुलखातून तो फार दुरून दिसतो. सात बहिणी या माथ्यावर तप करीत राहिल्या अशी आख्यायिका असल्याने लोक त्याला सातबहिणींचा डोंगर म्हणतात. डोमा गावाजवळचा मुक्ताईचा धबधबा पावसाळ्यात भरून वाहतो. माना जमातीचे ते श्रद्धास्थान आहे. यांपैकी कोठेही दोरखंड लागत नाही की विशेष शिक्षण लागत नाही. सकाळी निघावे, शिदोरी बांधून घ्यावी, दिवेलागणीला घरी परतावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुललेला असताना किंवा भाद्रपदात बांध्यांतील धान हिरवेगार असताना या वाटांनी चाललेला माणूस झाडीपट्टी सहसा विसरत नाही.

या वाटा कोणी पाडल्या, हा प्रश्न मात्र पर्यटकाला पडत नाही. त्याला त्या निसर्गतःच तेथे असल्यासारख्या भासतात. वस्तुतः रानात आपोआप वाट होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी पाऊल पडले तरच ती होते. एक वाट मोहाच्या झाडांकडे जाते, कारण चैत्रात पहाटे बायका टोपल्या घेऊन तिकडे जातात. दुसरी तेंदूपत्त्याच्या रानातून फळीवर उतरते. तिसरी गुरांची. पेरजागड हे नाव पेरजा नावाच्या गोवारी सरदारावरून पडले, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदले आहे. गोवारी म्हणजे गुरे राखणारी जमात. ज्या शहरातून आज माणसे त्या डोंगरावर हवा खायला येतात, त्याच नागपुरात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेलेल्या गोवारींपैकी ११४ जण चेंगराचेंगरीत मृत्युमुखी पडले. त्यांत बायका आणि मुले पुष्कळ होती. सीताबर्डीजवळ त्यांचे स्मारक आहे. डोंगर चढताना हे कोणाच्या ध्यानात येत असेल असे वाटत नाही.

तलावांचीही हीच कथा आहे. घोडाझरी सरकारने बांधला हे खरे. परंतु त्याच्या आसपासचे शेकडो लहानमोठे तलाव आणि बोड्या गोंड राजांच्या काळापासून कोहळी व इतर शेतकरी समाजांनी स्वतःच्या अंगमेहनतीने उभ्या केल्या. मध्यप्रांतात १९५१ साली मालगुजारी संपली, ते योग्यच झाले. पण तलाव सरकारजमा झाले आणि गावाचा त्यांच्यावरील हात सुटला. गाळ काढण्याची सामुदायिक रीत मोडली. आज ज्याला आपण निसर्गसौंदर्य म्हणतो ते येथे बव्हंशी श्रमाचे सौंदर्य आहे.

सहल सोपी की अवघड हे पायांवर नव्हे, खिशावर अवलंबून असते, हेही सांगितले पाहिजे. १९०८ पासून नागपूर-नागभीड ही अरुंद मापाची रेल्वे या मुलखातून धावत होती. ती संथ होती, पण शेतमजूर, भाजीवाली, शाळकरी पोर आणि सहलीला निघालेला कारकून यांना तिने एकाच बाकावर बसविले. नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी ती बंद करण्यात आली. रुंद मार्गाला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र मधल्या वर्षांत ज्याच्या दारात मोटार आहे त्यालाच घोडाझरी ‘शहराजवळ’ राहिली. अजनीतला हातगाडीवाला आणि इतवारीतला हमाल यांच्या दृष्टीने ती दूर गेली.

आता कायद्याकडे वळू. ताडोबा आणि उमरेड-कऱ्हांडला यांना जोडणाऱ्या पट्ट्यातील सुमारे १५९ चौरस किलोमीटर जंगल २०१८ साली घोडाझरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. वाघाला एका रानातून दुसऱ्या रानात जाण्यास वाट हवी, हे निर्विवाद आहे. समाजवाद्याने वाघाचे वैर धरण्याचे कारण नाही. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे २८ वे कलम पाहावे. अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कोणत्या कारणांसाठी देता येईल, हे त्यात मोजून दिले आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. पर्यटन आहे, मोहफुले वेचणे नाही. जवळच्या रहिवाशांच्या घरगुती गरजांसाठी आणि चालत आलेल्या हक्कांसाठी अन्य कलमांत फटी ठेवल्या आहेत, हे मान्य. पण फट आणि दरवाजा यांत फरक असतो. ज्याने वाट पाडली त्याने अधिकाऱ्याच्या मर्जीने आत यावे आणि ज्याने तिकीट काढले त्याने हक्काने यावे, अशी ही व्यवस्था आहे.

आणि जो येथे रोज चालतो त्याचे काय होते? १० मे २०२५ रोजी शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात मेंढामाल परिसरात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. ब्रह्मपुरी वनविभागात असे मृत्यू दरवर्षी होतात. फुले वेचणारी, पाने तोडणारी बाई ओणवी असते, तिचे लक्ष जमिनीकडे असते. सफारीच्या उघड्या गाडीत बसलेल्या पाहुण्याहून तिची स्थिती सर्वथा भिन्न आहे. वनखाते गावोगावी इशारे देते, तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दले उभी केली आहेत, आणि जंगलात वणव्याशी आणि वाघाशी गाठ पडणारा वनमजूर हाही श्रमिकच आहे, हे विसरून चालणार नाही. मोहाखालचा पाला पेटवून देण्याच्या सवयीने वणवे लागतात, ही त्याची तक्रारही खरी आहे. पण ‘आज जंगलात जाऊ नका’ हा इशारा ज्या घरात तेंदूच्या हंगामावर पुढच्या रोवणीपर्यंतचे पैसे अवलंबून असतात तेथे पाळला जात नाही. पर्यटकाला फाटकावर परत पाठविले तर त्याचा एक रविवार बुडतो. तिचा हंगाम बुडतो.

इंग्लंडातील एका प्रसंगाचा दाखला येथे उपयुक्त ठरेल. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि शेफील्डचे काही शे कामगार तरुण किंडर स्काउट या पठारावर मुद्दाम अनधिकृतपणे चढले. जमीनदारांनी शिकारीसाठी ही माळराने राखून ठेवली होती आणि कारखान्याच्या धुरात सहा दिवस काढणाऱ्यांना सातव्या दिवशी तेथे मज्जाव होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा व ग्रामीण प्रदेशात प्रवेशाचा कायदा झाला, आणि २००० साली खुल्या माळरानांवर पायी फिरण्याचा हक्क कायद्यात आला. चालण्याचा हक्क हा कामगार चळवळीचा विषय होऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे. पण ते जसेच्या तसे उचलून नागभीडला आणणे चुकीचे ठरेल. तेथे शहरी कामगारासमोर जमीनदार होता. येथे शहरी फिरस्त्यासमोर स्वतः निर्धन असलेला वनवासी गाव आहे आणि त्या दोघांच्या मध्ये वाघ आहे. ‘सर्वांना सर्वत्र मोकळीक’ ही घोषणा येथे दिली तर तिचा लाभ मोटारवाल्याला होईल, आणि रिकाम्या बाटल्या गावाच्या वाट्याला येतील.

म्हणून वाट उघडण्याचा वा मिटण्याचा अधिकार कोणाचा, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कायद्यात उपलब्ध आहे. २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्यांनाही लागू आहे. सामूहिक वनहक्क मान्य झालेल्या ग्रामसभेला जंगलाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार तो देतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली असा हक्क मिळविला. गडचिरोली जिल्ह्यात आज हजाराहून अधिक गावांकडे तो आहे. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव अधिक उद्बोधक आहे. २०१२ साली हक्क हाती आल्यानंतर त्या गावाने बांबूची विक्री स्वतः केली. परंतु तेंदूपत्त्यासाठी झाडे छाटली जातात, वणवे लागतात, म्हणून हमखास पैसे देणारा तेंदूचा व्यवहार आपल्या जंगलात स्वतःहून थांबविला. ग्रामसभा म्हणजे केवळ लुटीची नवी यंत्रणा, असे जे अधिकारी सांगत असतात त्यांनी तेथे जाऊन यावे.

अशी ग्रामसभा घोडाझरीच्या किंवा चिमूर टेकड्यांच्या पायथ्याशी पायी सहलींचा कारभार का पाहू शकणार नाही? पायी चालणाऱ्याला डांबरी रस्ता लागत नाही, हॉटेल लागत नाही. लागतो तो रानाची माहिती असलेला सोबती. मोहाच्या आणि तेंदूच्या हंगामात वेचणाऱ्यांच्या वाटा परक्यांसाठी बंद ठेवाव्यात, हे गावालाच कळते. पेरजागडाच्या कड्याशी आग्या मोहोळे असली की आरडाओरडा, धूर आणि अत्तर यांपासून दूर राहायचे असते, हे गुराखी पोरही सांगेल. घोडाझरीचे पाणी कोठे एकाएकी खोल होते, हे ढिवराला ठाऊक असते, फलकाला नव्हे. १५ मार्च २०२५ रोजी त्या तलावात चिमूर तालुक्यातील पाच तरुण बुडाले. तलावाच्या काठी पगारी, गावातला, पोहणारा माणूस नेमणे ही काही अवघड योजना नव्हे. रोजगार हमीचा कायदा देशात प्रथम याच राज्याने १९७७ साली केला. हंगामापूर्वी वेचणाऱ्यांच्या वाटांलगतचे झुडूप साफ करणे आणि तलावांचा गाळ काढणे ही कामे त्याच कल्पनेत बसतात.

यात धोका नाही असे नाही. गावातील दोन सधन घरे ग्रामसभेच्या नावाने वाहनतळाचा ठेका घेतील, आणि बायका पूर्वीप्रमाणेच टोपली घेऊन मागच्या वाटेने जातील, हे सहज संभवते. त्याला उत्तर एकच: हिशेब ग्रामसभेत उघडपणे वाचला जावा आणि सोबत्याचे काम पाळीपाळीने, स्त्रियांना धरून दिले जावे. यासाठी पक्षाचा कार्यकर्ता तेथे असला पाहिजे. सध्या तो निवेदन घेऊन तहसील कचेरीपर्यंत जातो. ज्या जंगलाविषयी ते निवेदन असते त्यात त्याचे पाऊल क्वचितच पडलेले असते. वनहक्कांवर तासभर बोलणाऱ्या किती जणांना मोह आणि चार यांची झाडे वेगळी ओळखता येतील?

नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या शाखांनी या हिवाळ्यात प्रत्येकी एक पायी सहल काढावी. ती एस.टी.ने काढावी, म्हणजे हमाल आणि मोलकरणी यांनाही येता येईल. जाण्यापूर्वी ग्रामसभेला पत्र द्यावे आणि तिने नको म्हटले तर मुकाट्याने दुसरा रविवार पाहावा. वाटेवरची सोबतीण डोंगराखालच्या गावातली, मोह वेचणारी बाई असावी. तिची त्या दिवसाची मजुरी ती स्वतः सांगेल तेवढी, निघण्यापूर्वीच तिच्या हाती द्यावी.