कापसावरचे पिक्चर आधी कापूसवाल्यांना दाखवा

कापूस आणि कापूस पिकवणारी माणसं यांच्यावरचे तीन चांगले माहितीपट मला ठाऊक आहेत. तिन्हींचं चित्रीकरण विदर्भातलं, तिन्ही २००९ ते २०११ या काळात आलेले, तिन्हींची चर्चा दूरदूर झालेली. आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वर तालुक्यात मात्र हे चित्रपट पाहिलेला माणूस शोधावा लागेल. संत्र्याच्या बागा वाढल्या, एमआयडीसी आली, तरी इथल्या बहुतेक घरांचा पऱ्हाटीशी संबंध आजही तुटलेला नाही. ही माणसं त्यांच्यावरच निघालेल्या चित्रपटांपासून दूर राहिली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. बंडी समोर आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, ओलावा पाहायचा, काडीकचरा आणि कवडी पाहायची. मग चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायची, धाग्याची लांबी अजमावायची आणि प्रत लिहायची. त्या प्रतीवर समोरच्या माणसाचं वर्षभराचं गणित ठरायचं. त्यामुळे कापसावरचा चित्रपट पाहताना माझं लक्ष आधी हातांकडे जातं. वेचणारीची बोटं, काट्यावर वजन करणाऱ्याचा हात, चुकाऱ्याचे पैसे मोजून घेणाऱ्याचा हात. ज्याला हे हात दिसले, त्या दिग्दर्शकावर मी विश्वास ठेवतो.

पहिला चित्रपट दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’, २००९ सालचा. ‘तारे जमीन पर’चं संकलन त्यांनीच केलं होतं. हा माहितीपट पत्रकार पी. साईनाथ यांच्या मागोमाग विदर्भातल्या घरांमध्ये शिरतो. साईनाथ टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवलेला प्रसंग सांगतात. नीरो बादशहाने बागेत मेजवानी दिली आणि उजेडासाठी कैदी जाळले. साईनाथांना नीरोपेक्षा पाहुण्यांचं कोडं पडतं: जवळच माणसं जळत असताना ज्यांच्या घशाखाली घास उतरला, ते कोण होते? मला तो प्रश्न थेट माझ्या टेबलाशी येऊन विचारल्यासारखा वाटला. याच साईनाथांनी २००६ च्या मुंबईतल्या फॅशन वीकचा आकडा दिला आहे. सुती कपडे मिरवणाऱ्या त्या सोहळ्याला ५१२ पत्रकार हजर होते आणि विमानाने तासाभरावर असलेल्या विदर्भात तोच कापूस पिकवणारे आत्महत्या करत होते. आमच्या पलीकडचं, अमरावती रस्त्यावरचं बाजारगावही त्यांच्या लेखणीतून सुटलेलं नाही. पाण्यासाठी तळमळणाऱ्या त्या गावाच्या शेजारी उभा राहिलेला वॉटर पार्क आणि त्यातलं कृत्रिम बर्फाचं दालन यावर त्यांनी २००५ मध्ये ‘द हिंदू’त लिहिलं होतं. त्या रस्त्याने आपण सगळेच जातो-येतो.

चित्रपटात एका शेतकरी कवीचं घर येतं. माणूस गेलेला आहे, कविता मागे राहिल्या आहेत. तिथे कॅमेरा घाई करत नाही, घरच्यांना बोलू देतो, गप्प बसू देतो. आत्महत्येच्या बातमीत माणसाचं नाव, वय आणि कर्जाची रक्कम एवढंच उरतं. तो काय लिहायचा, कशावर हसायचा, हे या ५६ मिनिटांत कळतं.

दुसरा ‘बिटर सीड्स’, २०११ चा, मिखा पेलेड यांचा. या दिग्दर्शकाची चाल मला फार आवडते. आधी त्यांनी अमेरिकेतल्या अवाढव्य दुकानांच्या साखळीवर चित्रपट केला, मग तसल्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या जीन्स शिवणाऱ्या चीनमधल्या मुलींवर ‘चायना ब्लू’ केला आणि शेवटी धाग्याचं मूळ शोधत ते यवतमाळ जिल्ह्यातल्या तेलंगटाकळीला पोचले. पेरणीपासून वेचणीपर्यंतचा एक हंगाम, कर्ज काढून बियाणं आणणारा शेतकरी आणि शेजारची एक कॉलेजात जाणारी मुलगी. वडिलांनी आत्महत्या केलेली ही मुलगी वार्ताहर व्हायचं ठरवते आणि वही-पेन घेऊन गावातल्याच लोकांना प्रश्न विचारू लागते. तिच्यासाठी तरी आपल्या शाळा-कॉलेजांनी हा चित्रपट दाखवावा.

तिसरा, नंदन सक्सेना आणि कविता बहल यांचा ‘कॉटन फॉर माय श्राउड’. याला शोधपत्रकारितेच्या माहितीपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो रागाने केलेला आहे आणि तो राग खरा आहे. तरी इथे माझा एक मतभेद आहे. ‘बिटर सीड्स’ आणि हा, या दोन्ही चित्रपटांत दोषाचं बोट मुख्यतः बीटी बियाण्याकडे वळतं. बीटीला परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये. त्याआधीही मी कर्जबाजारी माणसं बंडीवर बसून आलेली पाहिली आहेत. कोरडवाहू जमीन, पावसाचा खंड, सावकार, उशिरा मिळणारं बँकेचं कर्ज, पडलेला भाव, ही सगळी जुनी दुखणी आहेत. बीटीने त्यांत महागड्या बियाण्याची भर घातली आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने त्या बियाण्याचा भरवसाही मोडला. राज्यातला सगळा कापूस सरकारनेच विकत घेण्याची एकाधिकार खरेदी योजना १९७२ ला सुरू झाली आणि २००२ च्या सुमारास तिची पकड सुटली. हा धागा मला या चित्रपटांत पुरेसा सापडत नाही. आणखी एक. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातले सहा जिल्हे होते, नागपूर जिल्हा त्यात नव्हता. कॅमेरेही त्या सहा जिल्ह्यांकडेच अधिक वळले. काटोल-कळमेश्वरच्या कापूसवाल्याची गोष्ट अजून कुणी चित्रित करायची आहे.

‘नीरोज गेस्ट्स’ मी घरच्या टीव्हीवर लावला, तेव्हा शेजारचे एक कास्तकार शेवटपर्यंत बसले होते. बरंचसं बोलणं इंग्रजीत, मी जमेल तसं सांगत गेलो. संपल्यावर ते म्हणाले, “आपल्यावर पिक्चर काढलं, दुनियेले दाखवलं, अन् आपल्यालेच काऊन नाही दाखवलं जी?”

हा प्रश्न सुटण्यासारखा आहे, कारण पूर्वी तो पडतच नव्हता. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन निघालं आणि त्याचे वार्तापट व लघुपट मुख्य सिनेमाआधी प्रत्येक टॉकीजला दाखवावेच लागत. सरकारी प्रचाराची गाडी गावात यायची, पांढरं कापड बांधलं जायचं आणि खताचा, धरणाचा, कुटुंब नियोजनाचा चित्रपट अख्खं गाव जमिनीवर बसून पाहायचं. प्रचार होता, पण दाखवण्याची सोय होती. आता गावागावात दाखवावेत असे चित्रपट आहेत आणि ती सोय गेली.

ती सोय कशी असते हे पाहायचं तर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ शोधून पाहाच. महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये फिरणाऱ्या तंबू टॉकीजवरचा हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गेला आणि तिथे त्याची विशेष दखल घेतली गेली. गंजलेले ट्रक, वेळेवर न पोचणारी रिळं, बाहेर खोळंबलेली गर्दी, डिजिटल यंत्रापुढे हतबल झालेले तंबूवाले. त्यात प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक कारागीर आहे. स्वतः घडवलेल्या यंत्राबद्दल तो ज्या मायेने बोलतो, ती पाहून माझे डोळे भरून आले. धापेवाड्याच्या यात्रेत ज्यांनी कधी तंबूतला सिनेमा पाहिला असेल, त्यांना यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही.

कापसाबाहेरचे आणखी दोन माहितीपटही आपल्या माणसांनी पाहावेत. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ मोठा आहे, दोन संध्याकाळी लागतील. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. पटवर्धन पुढची चौदा वर्षं घोगरे यांच्यासारख्या शाहिरांच्या गाण्यांचा माग काढत राहिले. खैरलांजीचं हत्याकांडही त्यात आहे. भीमगीतं ऐकत वाढलेल्या नागपूर जिल्ह्याने हा पाहिलेला नसावा, हे मला पटत नाही. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ मात्र कुठेही, कुणाहीसोबत पाहा. यंत्रमागावर राबणाऱ्यांनी सुपरमॅनचा सिनेमा कसा काढला याची ही खरी गोष्ट आहे. तिच्यावर पुढे निघालेला कथापट अनेकांनी पाहिला, मूळ माहितीपट तसाच राहिला.

माझी सूचना साधी आहे. दिवाळीनंतर कापसाचे ट्रॅक्टर आणि बंड्या खरेदी केंद्रांवर नंबर लावून उभ्या राहतात, शेतकरी तिथेच रात्र काढतात. त्या आवारात एक पडदा, एक प्रोजेक्टर आणि दोन भोंगे लागतील. बाजार समितीने जागा आणि वीज द्यावी, सार्वजनिक वाचनालयाने दिग्दर्शकांना पत्र लिहून परवानगी मागावी. इंग्रजी बोलण्यावर मराठी निवेदन चढवायला कॉलेजची पोरं तयार होतील आणि त्यासाठी लागेल तो खर्च जिल्हा नियोजन समितीला जड नाही. पहिल्या रात्री ‘नीरोज गेस्ट्स’ ठेवा. तासाभराच्या आत संपतो आणि नंबर लागेपर्यंत लोकांना त्यावर बोलायला वेळ उरतो.