मोरचूद, मासे आणि वेगळी पेटी

आर्वी तालुक्यातील एका तरुण वाचकाचे पत्र आमच्याकडे आले आहे. घराच्या पुढच्या खोलीत त्याने रंगीत माशांचा लहानसा धंदा मांडला आहे. गोड्या पाण्यातले मासे विकता विकता आता त्याने समुद्री माशांचीही एक काचपेटी लावली. वर्ध्यापासून समुद्र शेकडो कोस दूर. आपल्या पुष्कळ मंडळींनी असे मासे पाहिले असतील तर ते चैत्यभूमीच्या दर्शनाला मुंबईस गेल्यावर, मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली सुरू झालेले ते मत्स्यालय पिढ्यान्‌पिढ्या लेकरांना दाखवले गेले. आज तसे मासे आर्वीच्या घरात पोहोचतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे रोगही पोहोचतात.

या वाचकाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. नवे मासे वेगळ्या पेटीत किती दिवस ठेवावेत आणि औषध कसे द्यावे? माशांवरचे किडे मारले तर पहिले शील मोडते का, असे आई विचारते. आणि मामा थट्टेने म्हणतात, "ज्यांना गावाने जन्मभर वेगळे ठेवले, त्यांच्या घरात आणखी वेगळी पेटी कशाला रे?" थट्टा असली तरी प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. म्हणून क्रमाने पाहू.

समुद्री माशांच्या अंगावर मिठाचे कण उडाल्यासारखे पांढरे ठिपके येतात. हा क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या सूक्ष्म परजीवीचा रोग. हा जीव माशाच्या कातडीखाली शिरून तीन ते सात दिवस पोसतो. मग तो गळून पेटीच्या तळाशी जातो आणि स्वतःभोवती कवच करतो. त्या एका कवचात शेकडो पिल्ले तयार होतात. कवच फुटायला कधी तीन दिवस लागतात, कधी चार आठवडे, क्वचित त्याहूनही अधिक. बाहेर पडलेल्या पिल्लांना एकदोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात.

सारे मर्म येथेच आहे. कातडीखालच्या किड्याला औषध लागत नाही, कवचातल्यालाही लागत नाही. लागते ते फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून अंगावरचे ठिपके गेले म्हणजे रोग गेला असे नव्हे. ठिपके जातात तेव्हा किडा नुसता खाली उतरलेला असतो. त्या दिवशी औषध थांबवणारा माणूस पंधरा दिवसांनी सगळी पेटी गमावतो. आपल्या वस्त्यांत क्षयाच्या रोग्याचे असेच होताना दिसते. सहा महिन्यांचा कोर्स असतो, दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात ताकद येते आणि गोळ्या कोनाड्यात पडून राहतात. पुढे तोच रोग औषधाला दाद न देणारा होऊन परततो. माशांच्या पेटीतून घरातल्या माणसांसाठी एवढा धडा घेतला तरी पुष्कळ झाले.

आता औषध. समुद्री माशांच्या या रोगावर जुने आणि खात्रीचे औषध म्हणजे तांबे. आर्वी, आष्टी, कारंजाच्या संत्राबागायतदारांना ते परके नाही. डिंक्या रोगावर झाडाच्या खोडाला आपण बोर्डो पेस्ट लावतो, ती मोरचूद आणि चुन्याची. मोरचूद म्हणजे तांब्याचेच मीठ. पण प्रमाणातला फरक ध्यानात घ्या. बोर्डो पेस्टला १० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद लागते. माशाच्या पेटीत मोकळे तांबे एका लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढेच चालते. ५० लिटरच्या पेटीला हिशेबाने जेमतेम ४० मिलिग्रॅम मोरचूद होते, म्हणजे चिमटीतही धरता येणार नाही इतके. यापेक्षा कमी पडले तर किडा मरत नाही, जास्त झाले तर मासा मरतो. म्हणून बागेसाठी आणलेले मोरचूद अंदाजाने पाण्यात टाकू नये. माशांसाठी मिळणारे तयार औषध घ्यावे. त्यांतही निरनिराळे प्रकार असतात आणि काहींचे प्रमाण बरेच वेगळे असते, तेव्हा बाटलीवर लिहिले असेल तेच पाळावे. त्याबरोबर तांबे मोजण्याचा संचही घ्यावा. औषध एकदम न टाकता दोन दिवसांत हळूहळू वाढवावे, रोज मोजावे आणि ती पातळी सलग तीन आठवडे टिकवावी. पुष्कळ जाणकार पुरे ३० दिवस ठेवतात.

हे सारे वेगळ्या, रिकाम्या पेटीतच करावे. मोठ्या पेटीत प्रवाळ, शिंपले, कोळंबी असतात. तांब्याने ती मरतात. शिवाय प्रवाळाची वाळू तांबे शोषून घेते, मग मोजमापच चुकते. वेगळ्या पेटीत वाळू नको, कोळसाही नको, कारण तो औषध ओढून घेतो. माशाला लपायला प्लास्टिकच्या पाइपचे दोन तुकडे, हवेचा पंप आणि झाकण एवढे पुरे. औषधामुळे पाणी शुद्ध ठेवणारे उपकारक जंतूही मंदावतात आणि अमोनिया वाढतो. म्हणून अधूनमधून थोडे पाणी बदलावे आणि बदललेल्या पाण्यात औषधाचे प्रमाण पुन्हा जुळवावे. मोठ्या पेटीत रोग शिरलाच असेल तर तिथले सारे मासे काढून ती सहा ते दहा आठवडे माशांविना चालू ठेवावी. यजमान नसला की किडा उपाशी मरतो. तांब्याचे खारे पाणी शेतात, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

समुद्री मासे पाळणारे आपल्या जिल्ह्यात थोडे. शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ सोडणारे मात्र पुष्कळ आहेत. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आल्यापासून गावोगाव तळी झाली आणि काही बचत गटांनीही मत्स्यपालन हाती घेतले. त्यांना नियम तोच, औषध उलटे. समुद्री माशाच्या अंगावरचे काही किडे गोड्या पाण्याच्या बुडवणीने गळतात, तर गोड्या पाण्यातल्या माशाचे किडे मिठाने. बाहेरून आणलेली बोटुकली थेट तळ्यात ओतू नये. एका लिटरला २० ते ३० ग्रॅम साधे मीठ घातलेल्या पाण्यात ती दोनतीन मिनिटे बुडवावी, कलंडू लागली की लगेच काढावी. जमल्यास काही दिवस वेगळ्या हौदात पाहावी. माशांच्या उवा तर डोळ्यांना दिसतात. त्या कडक वस्तूंवर अंडी घालतात. म्हणून तळ्यात बांबू उभे करून ठेवतात, ठरावीक दिवसांनी काढून उन्हात कडकडीत वाळवतात. आपल्या वैशाखातल्या उन्हाचा एवढा तरी उपयोग व्हावा! खर्च जवळजवळ नाही, आणि वर्षभराची कमाई वाचते.

आता आईंचा प्रश्न. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. शील हे आंधळा नियम म्हणून पाळायचे नसून तत्त्व म्हणून, विवेकाने पाळायचे आहे. आपल्या आधीन असलेला जीव तडफडताना दिसत असता औषध हातात धरून बसणे ही करुणा नव्हे. विचारायचेच तर दुसरे काही विचारावे. ज्यांची काळजी घेणे आपल्याला झेपत नाही, असे मासे आपण आणलेच का? पहिल्या शीलाची कसोटी खरेदीच्या वेळी लागते.

राहिला मामांचा प्रश्न. वेगळी पेटी आणि गावकुसाबाहेरची वस्ती यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पेटीत मासा ठेवतात तो रोगाच्या शंकेवरून, जातीवरून नव्हे. त्याला मुदत असते, ती संपली की तो इतरांत जातो. वेगळा असताना त्याची देखभाल इतरांहून अधिक होते. अस्पृश्यतेला यांतले काय होते? कारण नव्हते, मुदत नव्हती, देखभाल तर नव्हतीच. विटाळ म्हणून रचलेली ती शिक्षा होती आणि ती पाण्यापर्यंत जाऊन पोहोचली होती. त्यासाठीच २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले.

रोगाच्या वेळी वेगळे ठेवायचे ते कसे, हे सावित्रीमाईंनी दाखवले आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्यात सोजीर घराघरांत शिरून संशयितांना छावण्यांत नेत होते. त्याच साथीत सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. दवाखाना गावाबाहेरच होता, म्हणजे रोगी वेगळाच ठेवला गेला. पण तो टाकला गेला नाही. मुलगा वाचला. सावित्रीमाईंना प्लेग लागला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

तेव्हा मामांना आमचे सांगणे आहे की वेगळी पेटी घरात जरूर असू द्या. भाच्याने तिच्यावर तीन गोष्टी लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी: मासा कधी आला, औषध कधी सुरू केले आणि तो बाहेर कधी येणार. घरात कोणाला क्षय, गोवर वा दुसरा साथीचा आजार झाला, तर त्याच्या खोलीच्या दारावरही अशीच चिठ्ठी मनाने लावावी. तिसरी तारीख कधीही कोरी ठेवू नये.

जयभीम!