पाखरांची पंगत आणि आमचा कोबा

पाखरांना मूठभर दाणे टाकले की आपण पुण्य केले, असे आपल्याला वाटते. २०१० पासून २० मार्चला ‘जागतिक चिमणी दिन’ साजरा होतो. त्या दिवशी आपण चिमण्या कमी झाल्या म्हणून हळहळतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. माझे मत थोडे वेगळे आहे. पाखरे आपल्या मूठभर दाण्यांवर जगत नाहीत, ती परड्यावर जगतात. आणि ते परडे आपण शिकलेली माणसेच मोडीत काढत आहोत. हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. आमचे परडे मोडले ते माझ्याच हट्टापायी.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. प्रथम वर्षाला असताना दोन मैत्रिणी घरी येणार होत्या. घरामागचा चिखल, पाचोळा, मोरीच्या पाण्यावर वाढलेले अळू, या सगळ्याची मला लाज वाटू लागली. मी अण्णांच्या मागे लागले. “पोरगी शिकतीया, तिला कमीपणा नको,” म्हणून त्यांनी कांद्याच्या पैशातून परड्यात सिमेंटचा कोबा करून घेतला. मुळ्या कोबा उचकटतील म्हणून उंबरही तोडला. मैत्रिणी आल्या, चहा पिऊन गेल्या. पाखरे मात्र गेली ती गेलीच.

हे आधी आजीच्या लक्षात आले. ती जोंधळा पाखडायची तेव्हा सुपातून पडलेला बारीक दाणा टिपायला चिमण्या आणि होले यायचे. आता तिच्याभोवती कोणी फिरकेना. “सातभाई कुठं गेलं गं?” असे ती रोज विचारी. मला चुटपुट लागली. मी बशीत तांदळाची कणी ठेवली, शिळा पाव टाकला, शेवसुद्धा टाकली. आले ते फक्त पारवे आणि कावळे.

मग ग्रंथालयातून सालिम अली आणि मारुती चितमपल्ली यांची पुस्तके आणली. काही त्यांतून समजले, काही आजीला विचारून. चिमणी दाणे टिपते हे खरे. पण पिलांना ती अळ्या आणि किडे भरवते. सातभाई पाचोळा उलथून किडे शोधतात. दयाळही किडेच वेचतो. तांबटाला उंबराची फळे लागतात. आपला राज्यपक्षी हरियाल, तोही वड-पिंपळ-उंबरावरच पोसतो. बुलबुलाला पिकली पपई आवडते, तर शिंजिराला जास्वंदीतला मध. ही सारी पंगत एका बशीवर बसणार कशी? आणि आपल्या खारट शेव-फरसाणाने तर पाखरांना अपायच होतो.

कोणी म्हणेल, पाचोळ्यात साप-विंचू निघतात, साचलेल्या पाण्यात डास होतात. आमची आईही हेच म्हणते आणि तिचे चुकत नाही. म्हणून दारापासून दूर, कुंपणाकडेचा एक कोपरा मातीचा ठेवावा. तिथे पाचोळा राहू द्यावा. पपई, जास्वंद लावावी, वळचणीला बाजरीचे कणीस टांगावे. मातीच्या पसरट परळात पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे. याला पैसा लागत नाही.

कोबा फोडा, असे अण्णांना सांगताना माझी जीभ अडखळली. त्यांच्या कष्टाचा पैसा त्यात गाडला होता. ते बराच वेळ गप्प राहिले. मग पहार उचलत म्हणाले, “एवढं कळायला कालेजात जावं लागलं व्हय? म्हातारीला ते आधीपास्नंच ठावं हुतं!”

तो टोमणा मला लागला, पण तो खरा होता. शिक्षणाने मला आधी माझ्या परड्याची लाज वाटायला शिकवले आणि नंतर त्याची किंमत समजावली. हा क्रम उलटा असता तर आमचा उंबर वाचला असता. आज कुंपणाजवळ उंबराचे वीतभर रोप आहे. बुलबुल आणि चिमण्या परत आल्या आहेत. सातभाई अजून आलेले नाहीत. आजी वाट पाहते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता नवी बांधकामे निघतील आणि परड्याचे काय करायचे हे घरचे आपल्यालाच विचारतील, कारण आपण शिकलेले. तेव्हा उत्तर देण्याआधी एकदा आजीला विचारा, एवढेच माझे सांगणे.

(द्वितीय वर्ष, कला)