दांडी की माउस?

कल्याणहून कर्जतकडे निघाले की पहिलेच स्टेशन विठ्ठलवाडी. इथे विमान दिसायचे ते आभाळात. हल्ली मात्र मुले ते संगणकावर उडवतात. शेजारच्या चिरंजिवांना त्यासाठी जॉयस्टिक हवी आहे. तीर्थरूप विचारतात, “घरात माउस असताना ही दांडी कशाला?” प्रश्न दिवाळीच्या बोनसचा, हसण्यावारी कसा न्यावा?

माउस डावीकडे सरकवून सोडला, तर तिथेच राहतो. मध्य कुठे, हे पडद्यावर डोळ्यांनी शोधावे लागते. दांडी सोडली की आतली स्प्रिंग तिला मध्यावर आणते. किती कलली, हे हातालाच कळते आणि डोळे धावपट्टीकडे मोकळे राहतात. मुरलेला पेटीवाला पट्ट्यांकडे थोडाच पाहत बसतो? १९८८ साली सेवेत आलेल्या एअरबस ए-३२० मध्येही वैमानिकाच्या बाजूला अशीच स्प्रिंगची दांडी आहे.

माउस बिचारा अगदीच टाकाऊ नव्हे. पडद्यावरची बटणे नि खटके फिरवायला तोच बरा. दांडीने कोणी वैमानिक होत नाही, हेही खरे. पण ज्याला विमान नीट उतरवायला शिकायचे आहे, त्याच्या दांडीला बोनसमधले चार पैसे जरूर द्यावेत. नुसतीच हौस असेल, तर माउस पुरे!